एवढ्या बर्फात ती आली कशाला

भानुदास: ती जांभळ्या टोपीवाली बाई कोण होती?

मैत्री: कुठली बाई?

भानुदास: दुसऱ्या हाफमध्ये येऊन बसली ती. एकटीच. ना टाळी, ना ओरडणं, हातात पॉपकॉर्नसुद्धा नाही. सारखी तुझ्याकडे पाहून राहिली होती.

मैत्री: पप्पा, बास्केटबॉलची मॅच होती. लोक बघणारच. हीटर वाढवा ना, माय लेग्ज आर डेड.

भानुदास: लोक बॉलकडे पाहतात. बॉल तुझ्याकडे नव्हता तेव्हासुद्धा ती तुलाच पाहत होती. आणि मॅच संपल्यावर तुझ्याशी बोलली. दारात. मी गाडीवरचा बर्फ काढत होतो, तिथून दिसत होते मला.

मैत्री: ती कोच व्हिटेकर आहे. थॉर्नली कॉलेजची. आयोवामध्ये आहे ते.

भानुदास: मग इकडे इलिनॉयमध्ये काय करून राहिली ती?

मैत्री: ऑलराइट, सांगतेच. तिला मी तिच्या टीममध्ये हवी आहे. पुढच्या वर्षी. पॉइंट गार्ड म्हणून.

भानुदास: तू?

मैत्री: मी.

भानुदास: तुमच्या टीममध्ये ती सहा फुटी पोरगी आहे ना, केल्सी? तिला सोडून तू? पाच फूट तीन इंच?

मैत्री: गार्डला उंची नाही लागत, पप्पा! बॉल वर न्यायचा, कोण मोकळं आहे ते बघायचं, गेम चालवायचा. तीन वर्षं मॅचला येताय तुम्ही.

भानुदास: येतो म्हणूनच विचारून राहिलो. बरं, देणार काय ती?

मैत्री: म्हणजे?

भानुदास: स्कॉलरशिप.

मैत्री: छोटं कॉलेज आहे. डिव्हिजन थ्री. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, मार्कांवर मिळते. माझे मार्क्स चांगले आहेत, सो...

भानुदास: म्हणजे मार्क तुझे, पाय तुझे, घाम तुझा. आणि खेळासाठी ती काही देणार नाही.

मैत्री: टीम देणार.

भानुदास: मग मला एक सांग. एवढ्या बर्फात चार तास गाडी चालवून ती आली कशाला?

मैत्री: मला बघायला!

भानुदास: तेच तर. तुला का?

मैत्री: वाव. थँक्स, पप्पा.

*

कांचन: चहा घ्या, आणि त्या कॉम्प्युटरसमोरून उठा आता. रविवार आहे. सकाळपासून काय बघताय?

भानुदास: थॉर्नलीची वेबसाइट. ये, पाहा. ही टीम. एक ब्लॅक पोरगी, बाकी सगळ्या मक्याच्या कणसासारख्या. पिवळ्या केसांची रांगच्या रांग.

कांचन: आयोवा आहे. मका असणारच.

भानुदास: हसू नको. आता पहिल्या पानावर पाहा. तीच ब्लॅक पोरगी. लायब्ररीत तीच, झाडाखाली तीच, प्रयोगशाळेत चष्मा घालून तीच. एकच पोरगी अख्खं कॉलेज फिरवून आणली.

कांचन: मग?

भानुदास: मग पुढच्या वर्षी ती पास होऊन जाईल. झाडाखाली कोणाला बसवणार?

कांचन: तुमचं डोकं कुठून कुठे जातं हो! बाई दर आठवड्याला फोन करते. परवा मी उचलला, तर पाच मिनिटं माझ्याशी बोलली. मैत्रीला झोप लागते का नीट, मॅच हरली की काय करते, असं विचारत होती.

भानुदास: तुला का विचारते हे? कोण विचारते असं?

कांचन: आई आहे मी तिची. विचारलं तर बिघडलं कुठे?

भानुदास: गोड बोलणाऱ्याची मला भीती वाटते, कांचन. मागे सहा डिसेंबरला सगळे जमलो होतो तेव्हा रवीसुद्धा म्हणाला, आपल्या पोरांना खेळाच्या नादी लावतात आणि अभ्यास सुटला की विचारत नाहीत.

कांचन: रवीभाऊंचा मुलगा दिवसभर व्हिडिओ गेम खेळतो, त्याला कोणी नादी लावलं? हे बघा, संशय आहे तर तिच्या शाळेच्या कोचला विचारा. हॉलोरनना. ओळखीचा माणूस आहे, आपल्याकडे जेवून गेलाय.

भानुदास: विचारलं मी. शुक्रवारी.

कांचन: काय म्हणाले?

भानुदास: म्हणाला, घाई करू नका. पोरगी हुशार आहे, मोठमोठी कॉलेजं घेतील तिला. बास्केटबॉल इथपर्यंत ठीक आहे. सरळ माणूस आहे तो. हात मिळवताना डोळ्यांत पाहते. मला पटलं त्याचं.

कांचन: आणि मैत्रीला?

भानुदास: तिला अजून नाही सांगितलं.

*

मैत्री: काय बोललात तुम्ही तिला?

भानुदास: कोणाला?

मैत्री: डोन्ट डू दॅट. कोच व्हिटेकरला. तीन आठवडे झाले, एक फोन नाही. आधी दर मंगळवारी यायचा. आता मी मेसेज ठेवला तरी उलटा फोन नाही.

भानुदास: बघ. मी म्हणत होतो ना? भेटली असेल दुसरी.

मैत्री: नाही! आज मी लंचमध्ये त्यांच्या ऑफिसला फोन केला. असिस्टंट कोचने उचलला. ती म्हणाली, सॉरी हनी, आम्हाला कळलं की तुझ्या घरच्यांना हे नको आहे. म्हणून आम्ही मागे हटलो. युअर फॅमिली, पप्पा. फॅमिलीत कोण आहे? आई, तू बोललीस?

कांचन: मी कशाला बोलू? मला तर ती बाई आवडली होती.

मैत्री: मग उरलं कोण?

भानुदास: मी फोन केला नाही.

मैत्री: तुम्हाला पहिल्या दिवसापासून ती नको होती.

भानुदास: नको होती. अजूनही भरवसा नाही मला. पण मला काही म्हणायचं असते तर मी तुझ्यासमोर म्हटलं असते. तुझ्या पाठीमागे फोन करायला मी काय...

मैत्री: आय डोन्ट बिलीव्ह यू.

कांचन: मैत्री!

मैत्री: नाही ठेवत मी विश्वास! हे कोणावर ठेवतात का? पाण्याच्या बिलावर ठेवत नाहीत, डेंटिस्टवर ठेवत नाहीत. माझ्यावर पण नाही. एकदा तरी म्हणाले का, की तू चांगली खेळतेस म्हणून ती आली असेल? एकदा तरी?

कांचन: सांगा तिला.

भानुदास: काय सांगू?

कांचन: जबलपूरचं. सतरा वर्षांची झाली ती. सांगा.

मैत्री: काय जबलपूर?

भानुदास: काही नाही. कॉलेजात असताना मी व्हॉलीबॉल खेळायचो.

मैत्री: तुम्ही?

भानुदास: सेटर होतो. जो बॉल उचलून देते ना, दुसऱ्याने मारावा म्हणून, तो. तुझ्यासारखंच काम. जबलपूरच्या स्पर्धेसाठी नागपूर विद्यापीठाच्या टीममध्ये नाव आलं. आमच्या वस्तीतून पहिलंच. आईनं शेजारणीकडून स्वेटर मागून आणला, जबलपूरला थंडी असते म्हणून. निघायच्या आधी टीमचा फोटो काढला. सरांनी मला ओढून पुढे बसवलं. मी खूश. म्हटलं, सरांचा जीव आहे आपल्यावर.

मैत्री: मग?

भानुदास: मग तिथे एकाही मॅचमध्ये उतरवलं नाही. शेवटच्या मॅचला आमच्या सेटरचं बोट मोडलं. मी उठलो, स्वेटर काढला. सरांनी एका उंच पोराला पाठवलं. त्याला सेटिंग येत नव्हतं, तो मारणारा होता. हरलो आम्ही. परत येताना गाडीत मी सरांना विचारलं, मला का नाही? तर हसून म्हणाले, रामटेके, तुम्हाला घेतलं ना टीममध्ये? आता आमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. तुमचं काम झालं.

मैत्री: म्हणजे... बिकॉज ऑफ कास्ट?

भानुदास: त्याने तो शब्द उच्चारला नाही. कधीच कोणी उच्चारत नाही. म्हणून तर ऐकायचे कान ठेवावे लागतात. तुला कोणी ओढून पुढे बसवलं की मला तो फोटो आठवते, पोरी. तू चांगली खेळत नाहीस म्हणून नाही.

मैत्री: हे कधी सांगितलं का नाही मला?

भानुदास: काय म्हणून सांगू? तू पाचवीत पहिल्यांदा बॉल हातात घेतला तेव्हा सांगू?

मैत्री: ...तरी पण, पप्पा. तुम्ही नाही, आई नाही. मग थॉर्नलीला सांगितलं कोणी?

*

कांचन: लागला का फोन?

भानुदास: लागला.

कांचन: मग असे जिन्यात काय बसलात? काय म्हणाली ती?

भानुदास: आधी मी म्हटलं, मी मैत्रीचा बाप बोलतो. मला तुमच्यावर संशय आहे, पण ते नंतर. आधी हे सांगा, आम्ही नको म्हटलं असं तुम्हाला कोणी सांगितलं?

कांचन: अहो, असं म्हणालात? संशय आहे म्हणून?

भानुदास: दुसरं कसं म्हणणार? ती म्हणाली, मिस्टर रामटेके, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या शाळेच्या कोचनेच सांगितलं.

कांचन: हॉलोरन?

भानुदास: हॉलोरन. तिला म्हणाला, वेळ वाया घालवू नका. इंडियन घर आहे. बाप डॉक्टर करणार पोरीला, आई लांब पाठवणार नाही. मी या लोकांना ओळखतो.

कांचन: या लोकांना.

भानुदास: आपल्या टेबलावर बसून सावजीची भाजी खाल्ली त्याने. नाकातून पाणी आलं तरी पुन्हा वाढून घेतली. आणि मी कोणावर संशय घेऊन राहिलो होतो? त्या बाईवर. हा समोर बसला होता तर मी त्याला पोळी वाढली.

कांचन: थांबा जरा. मी... त्या दिवशी मी बोलले होते काहीतरी.

भानुदास: काय?

कांचन: तुम्ही आइस्क्रीम आणायला गॅरेजमधल्या फ्रीजरकडे गेला होतात. त्यांनी विचारलं, कॉलेजला मैत्री लांब गेली तर कसं वाटेल? मी म्हटलं, एकुलती एक आहे, विचार केला तरी पोटात गोळा येतो. बस, एवढंच. आईला वाटतं ते बोलले. जाऊ देणार नाही असं मी म्हटलं नव्हतं हो.

भानुदास: नाही ना म्हटलं?

कांचन: शपथ. पण माझ्या तोंडचंच घेतलं की त्यांनी.

भानुदास: तुझ्या पोटातला गोळा तुझा आहे. त्याने तो नेऊन बाजारात का मांडावा? डॉक्टरचं तर आपण कोणीच बोललो नव्हतो. तिला रक्त पाहिलं की चक्कर येते.

कांचन: व्हिटेकर काय म्हणाली शेवटी?

भानुदास: म्हणाली, मी थेट तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, ते माझं चुकलं. जागा अजून आहे. पोरीला घेऊन या, पाहा, आणि मग ठरवा.

कांचन: आणि तुम्ही?

भानुदास: मी म्हटलं, विचार करतो. तिने नाव बरोबर घेतलं, कांचन. रॅमटेक नाही, रामटेके. आधी विचारलं, मग घेतलं. हॉलोरन तीन वर्षं रॅमटेक म्हणतो.

कांचन: मैत्रीला आता काय सांगायचं? तिला अजून अर्धा सीझन त्याच्याच हाताखाली खेळायचंय.

भानुदास: जे आहे ते सांगायचं. काल ती म्हणाली, मी तिच्यावर पण विश्वास ठेवत नाही. आता ठेवून पाहतो.

*

(शाळेच्या जिमबाहेरचा पार्किंग लॉट. इंजिन चालू. मैत्री गाडीत येऊन बसते आणि बराच वेळ सीटबेल्ट लावत नाही.)

भानुदास: भेटला हॉलोरन?

मैत्री: हं.

भानुदास: नाकारलं त्याने?

मैत्री: नाही. दॅट्स द थिंग. लगेच हो म्हणाला. हसत. म्हणाला, मी तुझ्यावर फेवर करत होतो, किड. तुझ्यासारख्या मुली कॉलेजमध्ये खेळत नाहीत, शिकतात. इतक्या वर्षांत मी पाहिलंय. तुझ्या पप्पांना ‘नाही’ म्हणायची पाळी येऊ नये म्हणून मीच म्हटलं.

भानुदास: माझ्यासाठी म्हटलं?

मैत्री: आणि अजून आहे. मी विचारलं, अजून कोणी आलं होतं का? तो आठवायला लागला. लाइक इट वॉज नथिंग. म्हणाला, हो, समरमध्ये दोन कॉलेजांचे कोच आले होते. एक विस्कॉन्सिनचे, एक इंडियानाचे.

भानुदास: दोघं?

मैत्री: त्यांनाही तेच सांगितलं. पप्पा, समरमध्ये मी रोज रात्री रडायचे. मला वाटायचं केल्सीला फोन येतात, मला एकही नाही, मीन्स आय जस्ट ॲम नॉट गुड इनफ. मी रोज सकाळी उठून दोनशे शॉट्स मारायचे आणि मनात म्हणायचे, कोणालाच दिसत नाहीये.

भानुदास: तू बस इथे. मी आत जातो.

मैत्री: नका जाऊ.

भानुदास: दोन शब्द बोलतो फक्त. आवाज चढवणार नाही.

मैत्री: चढेल, पप्पा. आणि मग तो सगळ्यांना सांगेल, बघा, हाच तो बाप. मी सांगत होतो ना? प्लीज. त्याला बरोबर ठरू देऊ नका.

भानुदास: ...मग सोडून द्यायचं?

मैत्री: सोडलं नाही मी. मी त्याला म्हटलं, यापुढे माझ्याबद्दल कोणी विचारलं तर घरचा नंबर द्यायचा, बाकी एक शब्द बोलायचा नाही. आणि त्याच्या वरच्या ॲथलेटिक डायरेक्टरलाही हे सांगून आलेय. म्हणून उशीर झाला.

भानुदास: एकटी गेलीस?

मैत्री: हं. डायरेक्टर म्हणाले, त्याच्याशी बोलू. बोलतील की नाही, आय डोन्ट नो.

भानुदास: नाही बोलणार.

मैत्री: मे बी. पण त्यांना माहीत नव्हतं असं आता म्हणता येणार नाही.

भानुदास: आणि शुक्रवारची मॅच?

मैत्री: खेळणार. तो बेंचवर बसवेल तर बसवू दे, सगळे बघतील. टीम माझी पण आहे.

भानुदास: बेल्ट लाव.

मैत्री: पप्पा, त्या दिवशी मी म्हटलं ना, की तुम्हीच फोन केला असेल...

भानुदास: लाव बेल्ट. मी पण त्या टोपीवाल्या बाईला काय काय म्हटलं. चल, तुझ्या आईने खिडकीशी बसून रस्ता पाहून पाहून झिजवला असेल.

*

मैत्री: माझं थॉर्नलीच्या मुलींबरोबर खेळून झालं, शॉवर झाला, त्यांनी मला अख्खी डॉर्म दाखवली, तरी तुम्ही कोच व्हिटेकरच्या ऑफिसमध्येच. काय विचारत होतात तिला इतका वेळ?

भानुदास: जे विचारायचं ते.

मैत्री: पप्पा, घरी पोचायला अजून तीन तास आहेत. सांगा.

भानुदास: पहिलं विचारलं, पोरी खेळायला लागल्या तेव्हा तू उठून निघून का गेलीस? पाहायची नाही तर बोलावलं कशाला?

मैत्री: रूल आहे तो! कोचला बघायला अलाउड नाही.

भानुदास: तिने दाखवला नियम. मग विचारलं, पहिल्या वर्षी हिला उतरवणार का?

मैत्री: ओ गॉड. असं कोणी विचारतं?

भानुदास: मी विचारतो. म्हणाली, नाही.

मैत्री: नाही?

भानुदास: बहुतेक नाही, म्हणाली. दोन गार्ड आहेत, दोघी अनुभवी. मैत्रीचे पाय चपळ आहेत, डोकं त्याहून चपळ आहे, पण डावा हात कच्चा आहे. दुसऱ्या वर्षी जागा आहे, पण ती मी देणार नाही, तिने घ्यायची. मी वचन देत नाही, म्हणाली. ज्यांना वचन दिलं त्या पोरी आळशी झाल्या.

मैत्री: मग तुम्ही चिडलात.

भानुदास: नाही. इतक्या वर्षांत मला तोंडावर ‘नाही’ म्हणणारी ही पहिलीच. बरं वाटलं. नंतर तिला मी जबलपूरचं सांगितलं.

मैत्री: तिला? तुम्ही?

भानुदास: इंग्रजीत नीट जमलं नाही. पण ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, मी तुमच्या मुलीला बसवून ठेवलं तर का बसवलं ते तिला त्याच दिवशी सांगेन. तेवढंच देऊ शकते. तेवढं पुष्कळ झालं.

मैत्री: ...डावा हात कच्चा आहे माझा?

भानुदास: आहे. मलाही दिसतो.

मैत्री: कधी बोलला नाहीत.

भानुदास: ऐक. ती लाल केसांची गार्ड आहे ना त्यांची, ती दमली की बॉल छातीशी धरते. वर पाहत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत तिच्या अंगावर जा, बॉल सोडेल. आणि दुसरी, वेणीवाली, ती जिकडे पास द्यायचा तिकडे आधी पाहते. प्रत्येक वेळी. एकदाही चुकली नाही. तिचा पास तू डोळे मिटून उचलशील.

मैत्री: पप्पा, तुम्ही वरच्या गॅलरीत होतात. मला वाटलं तुम्ही कंटाळून पेपर वाचत असाल.

भानुदास: पेपर हातात होता. संशय घेऊन राहिलो होतो दिवसभर. दुसरं मला येते काय?

मैत्री: पण थांबा. तुम्ही आत्ता मला त्या दोघींना हरवायचं कसं ते सांगताय. मीन्स, हे ‘हो’ आहे का?

भानुदास: समोर पूल आला बघ. मिसिसिपी. काठाकाठानं गोठली आहे, मधून वाहून राहिली.

मैत्री: पप्पा.

भानुदास: आईला फोन लाव. आणि तूच सांग तिला. मी सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही.